मागच्या रांगेतली पुस्तकं

पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. त्यातलं मला एकच वाक्य ऐकू आलं. तीन महिने जिना चढायचा नाही. आमची झोपायची खोली वर आहे. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि एक खोली, जिला आमच्या घरात 'ग्रंथालय' म्हणतात. म्हणजे मी म्हणतो. बाकीचे 'ती खोली' म्हणतात.

 दवाखान्यातून परत येताना ऑटोत बसल्यावर पत्नी पदर सावरत म्हणाली, "ती खोली रिकामी करा."

"बघू ना. बैठकीत दिवाण टाकला तर…"

"म्हणजे मी येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर पाय पसरून झोपू, आणि तुमची पुस्तकं दार लावून आराम करतील?"

ऑटोवाला हिंदी बोलणारा होता, पण त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. जबलपुरात एवढं मराठी सगळ्यांना कळतं.

ऑपरेशनला बावीस दिवस होते. मी फॅक्टरीच्या खरेदी विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस. कोणतंही काम पुढ्यात आलं की आधी तक्ता आखायचा, ही सवय. म्हणून पहिल्या दिवशी मी पुस्तकं मोजायला घेतली. 'आमच्याकडे साडेतीन हजार पुस्तकं आहेत,' असं मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत होतो. लग्नकार्यांत, निरोपसमारंभांत, एकदा तर आकाशवाणीवर. मोजल्यावर ती एक हजार एकशे चाळीस भरली, आणि त्यात मुलीची शाळेची गणिताची गाइडंही होती. मी दुसऱ्यांदा मोजली. दुसऱ्यांदा चार कमी भरली.

मग तीन कागदांवर तीन मथळे लिहिले: ठेवायची, द्यायची, विचार करायची. चार दिवस मी दार लावून बसलो. पत्नीला वाटलं, काम जोरात चाललंय. पाचव्या दिवशी ती लंगडत आत आली. 'ठेवायची'च्या ढिगात दोनशे पुस्तकं होती, 'विचार करायची'च्या ढिगात उरलेली सगळी, आणि 'द्यायची'च्या कागदावर एकच पुस्तक होतं. लोणच्याच्या प्रकारांचं. तिने ते उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि स्वयंपाकघरात घेऊन गेली.

त्या संध्याकाळी बंगळूरहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र ती मधेच हिंदीत शिरते. "बाबा, सिंपल है ना. जी वाचली नाहीत ती काढून टाका."

"मग खोलीत काही उरणार नाही," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी फोनवर हसलो, पण तो टोला मला लागला होता. लागायचं कारण असं, की या चार दिवसांत पुस्तकं चाळताना मला काही गोष्टी दिसल्या होत्या, ज्या मी कोणाला सांगितल्या नव्हत्या. मी पेन्सिलीने ओळींखाली रेघा मारत वाचणारा माणूस आहे, असा माझा लौकिक होता. त्या रेघा होत्या. पण सगळ्या पहिल्या वीस पानांत. विसाव्या पानानंतर पुस्तक कोरं, जसं दुकानातून आलं तसं. एका चार खंडांच्या इतिहासाचा पहिला खंड हाताळून मऊ झाला होता, आणि तिसऱ्या-चौथ्याची पानं कडेला अजून एकमेकांना चिकटलेली होती. एका जाड वैचारिक पुस्तकाच्या समासात माझ्याच अक्षरात 'किती खरं!' असं लिहिलेलं सापडलं. ते पान मी तीनदा वाचलं. त्यात खरं काय होतं ते काही मला उमगलं नाही.

तरीही मी हट्टाने एका कबाडीवाल्याला बोलावलं. म्हटलं, जी अगदीच फुटकळ आहेत ती तरी जातील. तो उंबऱ्यावर बसला, दोन-चार पुस्तकं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो मराठी है. हिंदी-इंग्लिश होती तो ओमती बाज़ार में कोई दुकानवाला रख लेता. ये तौल में जाएगी." मला एवढा राग आला की मी त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. पत्नी म्हणाली, "काहून चिडले त्याच्यावर? तराजू तर खोटं बोलत नाही."

आठव्या दिवशी मी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथे फॅक्टरीतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचा छोटा कारखाना आहे. त्याच्याकडून पुठ्ठ्याचे वीस खोके आणले आणि ठरवलं, आता विचार करायचा नाही, भिंतीकडून सुरुवात करायची. आमच्या कपाटांच्या फळ्या खोल आहेत. वर्षानुवर्षं मी पुढे एक रांग आणि मागे एक रांग अशी पुस्तकं लावत गेलो होतो. पुढच्या रांगेत पाहुण्यांना दिसायची ती. मागच्या रांगेत काय आहे, हे मला स्वतःलाच आठवत नव्हतं.

सर्वांत खालच्या फळीची पुढची रांग काढली, आणि मागे चौदा पुस्तकं एकसारख्या खाकी कव्हरात उभी दिसली. प्रत्येकाच्या कण्यावर शाईने आकडा. मी पहिलं उघडलं. आत जांभळा शिक्का. आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचा.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आमच्या भागात मराठी लोकांचं एक मंडळ आहे. फॅक्टऱ्या, रेल्वे, केंद्र सरकारची कार्यालयं, असे नोकरीच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले आम्ही लोक. मंडळात गणपती बसायचा, कोजागिरी व्हायची, आणि मागच्या खोलीत दोन कपाटांचं वाचनालय होतं. त्या वाचनालयाचा मी अकरा वर्षं चिटणीस होतो. पुढे इमारतीला तडे गेले, खोली बंद झाली, कपाटं कुठे तरी गेली. पण माझ्या कारकिर्दीत वाचनालय कसं शिस्तीत चालायचं, हे मी अजूनही सांगतो. सांगत असे.

ती चौदा पुस्तकं मी त्या काळी बाइंडिंगला घरी आणली होती. कणे निखळलेली पुस्तकं स्वतःच्या हाताने शिवायची, खळीने चिकटवायची, असा मला तेव्हा नाद होता. शिवून झाली, चिकटवून झाली, आणि फळीवर वाळायला ठेवली ती ठेवलीच.

हेही एक वेळ चाललं असतं. पण नववं पुस्तक हातात घेतलं आणि मी जमिनीवरच बसलो. खाकी कव्हराखालून हिरवा कापडी पुठ्ठा डोकावणारी जाड कादंबरी. ती मी कव्हर न काढताच ओळखली, कारण त्या पुस्तकावरून मी एकदा भाषण केलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळात रेल्वेतले एक गार्ड यायचे. सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणायचे. उंच, मोकळ्या आवाजाचे, घमापुरात राहायचे आणि दर पंधरा दिवसांनी ड्यूटीवरून परतताना दोन पुस्तकं बदलून न्यायचे. एकदा नोंदवही तपासताना मला दिसलं, की ही हिरवी कादंबरी त्यांच्या नावावर आहे आणि परतीची सही नाही. मी विचारलं. ते म्हणाले, "मी तर दिली ना परत. तुमच्याच हातात दिली, साहेब."

मी म्हणालो, "माझ्या हातात दिली असती, तर वहीत असती."

ते पुन्हा म्हणाले, दिली. मी पुन्हा म्हणालो, वही. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चढला आणि माझा थंड झाला. खरेदी विभागात शिकलेली कला. मग मी फळ्यावर नोटीस लावली, त्यांचं नाव लाल शाईने घालून. वार्षिक सभेत 'सार्वजनिक ग्रंथांची चोरी' या विषयावर वीस मिनिटं बोललो. कोणाचं नाव घेतलं नाही, फक्त एकाच दिशेला पाहत राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गार्डसाहेब मधूनच उठून गेले, आणि पुन्हा कधी मंडळात आले नाहीत. गणपतीलाही नाही. मी लोकांना सांगायचो, "तत्त्वाचा प्रश्न होता."

आता मी त्या कादंबरीचं मागचं पान उघडलं. तिथे कागदाच्या खिशात कार्ड होतं. शेवटच्या ओळीत गार्डसाहेबांचा सभासद क्रमांक, आणि त्याच्यापुढे 'परत' असं लिहून सही. सही माझी होती. शेवटच्या अक्षराची शेपटी उगाच लांब ओढायची माझी खोड आहे, तीसुद्धा तिथे दिमाखात होती. म्हणजे पुस्तक त्यांनी माझ्याच हातात दिलं होतं. मी कार्डावर सही केली होती, वहीत करायची विसरलो होतो, आणि कणा सुटलेला दिसला म्हणून पुस्तक पिशवीत घालून घरी आणलं होतं. वही खोटं बोलत नाही, असं मी त्या सभेत म्हणालो होतो.

पत्नी दारात कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, कार्ड माझ्या हातात होतं.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय. सव्वीस वर्षं झाली. ते कुठे असतील, काय…"

"कुठे असतील? घमापुरातच आहेत. मागे मला भाजीबाजारात त्यांच्या मिसेस दिसल्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणाले, त्यांचा स्वभावच तसा आहे."

मी म्हणालो होतो खरं.

पुढचे दोन दिवस मी खोलीत पुस्तकं भरायचं सोडून पत्र लिहीत बसलो. पुस्तक पोस्टाने पाठवावं आणि सोबत पत्र जोडावं, असा माझा बेत होता. चार मसुदे झाले. चौथा मी पत्नीला वाचून दाखवला. त्यात 'तत्कालीन नोंदप्रक्रियेतील अनवधानामुळे उद्भवलेला गैरसमज' असं वाक्य होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही माफी आहे का टेंडर?"

"मग काय लिहू?"

"लिहू नका. जा. स्कूटर आहे ना?"

बुधवारी सकाळी मी स्कूटर काढली. वाटेत खोव्याची जिलेबी घेतली. माफी मागायला जाताना सोबत काय न्यावं हे मला माहीत नव्हतं, आणि जिलेबी आपल्याकडे कशालाही चालते. घमापुरात गल्लीच्या तोंडाशी एका शिंप्याच्या दुकानात विचारलं. तो म्हणाला, "गार्ड दादाजी? वो हरा गेट." गेटबाहेर मी पाच मिनिटं स्कूटर नीट स्टँडवर लावत होतो. स्कूटर एका मिनिटात लागली होती.

गार्डसाहेब व्हरांड्यात खुर्चीवर ऊन खात बसले होते. ऐंशीच्या आसपास असतील. उंची तेवढीच, अंगावरचं मांस गेलेलं. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "या, या! बसा! किती दिवसांनी!" त्यांनी मला ओळखलं याचं मला आश्चर्य वाटलं, आणि धीरही आला. पुढे कळलं, ते प्रत्येकाला तसंच म्हणतात.

मी पुस्तक पिशवीतून काढलं. सगळं सांगितलं. त्यांना ऐकू कमी येत होतं, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. आपली चूक गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. समोरच्या घरातली एक बाई कपडे वाळत घालायचं थांबून ऐकू लागली.

गार्डसाहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "कोणतं पुस्तक? मी तर जिंदगीत टाइमटेबलशिवाय काही वाचलं नाही, बाप्पा."

मी गोंधळलो. तेवढ्यात आतून त्यांची पत्नी आली. पंचाहत्तरीच्या, बारीक अंगाच्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या. त्या बराच वेळ दारामागून ऐकत असाव्यात.

"त्यांना नाही आठवत," त्या म्हणाल्या. "मला आठवते."

मी उभा राहिलो. त्या बसल्या नाहीत, म्हणून मीही उभाच.

"वाचत मी होते. मेंबर ते होते. तेव्हा मंडळात घरटी एक कार्ड मिळायचं, आणि ते यांच्या नावावर. मी सांगायची, हे आणा, ते आणा. ते आणायचे. तुम्ही यांचं नाव फळ्यावर लावलं, आणि पुस्तकं माझी बंद झाली."

"वहिनी, माझी चूक…"

"थांबा ना. मला बोलायचं आहे. मराठी पुस्तक इथे कुठून आणायचं? नागपूरला माहेर होतं, आई होती तोवर येता-जाता दोन-चार आणायची. ती गेली. मग काय? सामानाच्या पुडीचा कागदसुद्धा हिंदी. मी तोही वाचते, वाचल्याशिवाय राहवत नाही. पण मराठी ते मराठी. सव्वीस वर्षं झाली. तुम्ही तत्त्वाचं काही तरी बोलले होते म्हणे सभेत."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी अकरा वर्षं त्या वाचनालयाचा चिटणीस होतो. ती दोन्ही कपाटं अक्षरशः वाचून संपवत आलेली एक बाई आमच्या गावात होती, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ते कळायच्या आतच मी तिचं वाचन बंद केलं होतं. घरी मात्र एक हजारावर पुस्तकं, विसाव्या पानापर्यंत वाचलेली.

मी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा." एवढंच. मसुद्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

त्यांनी हिरवी कादंबरी हातात घेतली, उघडली, पुन्हा मिटली आणि मला परत दिली. "हे नको. हे माझं वाचून झालं होतं, म्हणून तर परत केलं." मग जिलेबीचा पुडा उचलत विचारलं, "दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

"आहेत… थोडीफार."

"किती?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी आकडा कमी करून सांगितला. "पाचशेक असतील."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "रविवारी येते," म्हणाल्या.

रविवारी त्या खरंच आल्या, सुनेला घेऊन, ई-रिक्षातून, सोबत घडी घातलेली पोती. माझ्या पत्नीने त्यांचा हात धरून आत नेलं. वहिनींनी बाजारात तोंड फिरवलं होतं, ते दोघींपैकी कोणी काढलं नाही. गुडघ्यांच्या गोष्टी निघाल्या आणि पाच मिनिटांत त्या जुन्या मैत्रिणी असल्यासारख्या बोलू लागल्या. मग वहिनी खोलीत आल्या. चारी भिंती वरपासून खालपर्यंत पाहिल्या. "पाचशे?" एवढंच म्हणाल्या.

त्यांच्यासाठी मधोमध खुर्ची ठेवली. माझी पत्नी दुसऱ्या खुर्चीवर बसली, पाय स्टुलावर घेऊन. नाटकाला बसावं तशी. मी कपाटाजवळ उभा राहून एकेक पुस्तक काढून दाखवू लागलो. पहिलं पुस्तक वर धरून मी म्हणालो, "ही अत्यंत महत्त्वाची साहित्यकृती आहे. त्या काळच्या बदलत्या मूल्यव्यवस्थेचा…"

"गोष्ट काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे?"

"कोण आहे त्यात? त्याचं काय होते?"

मी पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकाने मला काही सांगितलं नाही.

"मग ते माझ्याकडे द्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गोष्ट सांगता आली की पुस्तक तुमचं. नाही आली की माझं. चालेल ना?"

"चालेल," माझ्याऐवजी पत्नीने सांगितलं.

त्या दिवशी माझी जी परीक्षा झाली, तशी मॅट्रिकलाही झाली नव्हती. काही पुस्तकांची गोष्ट मला खरोखर येत होती. ती सांगताना मला स्वतःलाच नवल वाटायचं आणि आवाज चढायचा. वहिनी मान डोलवायच्या, "हं, हे तुमचं," आणि सून ते डावीकडे ठेवायची. पण बहुतेक पुस्तकं पोत्यांत गेली. दुपारच्या जेवणापर्यंत माझी अब्रू एवढी गेली, की मी एका कादंबरीच्या बाबतीत थाप मारायचं ठरवलं. तिचं कव्हर मला फार आवडायचं. त्यावर एका पुलाचं चित्र होतं. मी म्हणालो, एक इंजिनिअर असतो, तो पूल बांधतो, पूल पडतो, आणि त्या धक्क्याने शेवटी तो मरतो. सांगताना मी इतका रंगलो की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

वहिनींनी हात पुढे केला. पुस्तक घेतलं, शेवटचं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. त्यात इंजिनिअर कोणी नव्हताच. एक शाळामास्तर होता, आणि त्याच्या लग्नाची पंगत बसली होती.

माझी पत्नी इतकी हसली की तिला ठसका लागला. सुनेने पाणी आणलं. तीही हसत होती. मी पुस्तक पोत्यात स्वतःच्या हाताने टाकलं.

खालच्या कोपऱ्यात सुतळीने बांधलेले आठ गठ्ठे होते. वहिनींनी विचारलं, "हे काय, सगळं एकच पुस्तक?"

मी काही बोलायच्या आत पत्नी म्हणाली, "ते यांचं आहे. कवितांचं. स्वतः छापलं होतं."

या पुस्तकाची गोष्ट मला पाठ होती, पण ते कोणी विचारलं नाही. वहिनींनी एक प्रत काढली, मधलं एक पान वाचलं.  शेवटी त्या म्हणाल्या, "अक्षर मोठं आहे. छान." आणि शिष्टाचार म्हणून दोन प्रती घेतल्या. घरातली दुसरी कुठलीही पुस्तकं त्यांनी शिष्टाचार म्हणून घेतली नाहीत. जी खरंच कोणाला नको होती, म्हणजे जुन्या स्मरणिका, अहवाल आणि माझी वैचारिक पुस्तकं, ती त्यांनी सरळ बाजूला सारली. ती पुढे त्याच कबाडीवाल्याने तराजूत घालून नेली. या वेळी मी त्याला चहा दिला.

संध्याकाळी माझ्या बाजूला एकसष्ट पुस्तकं उरली. पोती नेण्यासाठी ई-रिक्षाला चार फेऱ्या कराव्या लागल्या. शेवटच्या फेरीला वहिनी पुढे बसल्या, आणि मागे एक पोतं सांभाळत सून. मला वाटलं होतं, मला रडू येईल. पण खरं सांगायचं, तर खोलीत एवढा उजेड येतो हे मला माहीतच नव्हतं. खिडकी मीच कपाटाने अर्धी झाकली होती.

मंडळाची चौदा पुस्तकं घेऊन मी सध्याच्या चिटणिसाकडे गेलो. तो तिशीतला इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "काका, लायब्ररी कहां है अब? तुम्हीच ठेवा." मी म्हणालो, ठेवणार नाही, आणि मला सभेत दोन शब्द बोलायचे आहेत. सभेला तेरा जण आले. मी उभा राहून सव्वीस वर्षांपूर्वीची माझी चूक कबूल केली, गार्डसाहेबांची जाहीर माफी मागितली. ते आले नव्हते, त्यांना फार वेळ बसवत नाही. अर्धे लोक फोनमध्ये पाहत होते. उरलेल्यांना तो प्रसंगच माहीत नव्हता. एका गृहस्थांनी टाळी वाजवली आणि शेजाऱ्याला विचारलं, "यांचा सत्कार आहे का?" तरीही मी इतिवृत्तात नोंद करायला लावली आणि सही झालेली स्वतः पाहिली. चौदा पुस्तकंही मग घमापुरालाच गेली, त्या हिरव्या कादंबरीसह. वहिनी म्हणाल्या, इतक्या वर्षांनी पुन्हा वाचायला हरकत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. पत्नी खालच्या खोलीत आली, तर फिजिओथेरपीच्या बाईंनी पलंग पाहून सांगितलं, "दीदी, ये थोडा ऊंचा चाहिए, उठने-बैठने में आराम रहेगा." लाकडाचे ठोकळे शोधत मी घरभर हिंडलो. शेवटी पत्नीनेच कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. पलंगाच्या चार पायांखाली दोन-दोन गठ्ठे बरोबर बसले. जराही हलत नाहीत. फिजिओच्या बाई म्हणाल्या, "बढ़िया! एकदम सॉलिड है." माझ्या कवितांवर आजवर आलेला एवढा स्पष्ट अभिप्राय हाच.

वहिनींचा रविवारी दुपारी फोन येतो. सुरुवातीला मला वाटायचं, कृतज्ञता म्हणून करत असतील. पण तसं काही नाही. त्यांना वाचलेल्या पुस्तकाबद्दल कोणाशी तरी बोलायचं असतं. गार्डसाहेबांना ऐकू येत नाही, आणि सुनेला मराठी कादंबरी जड जाते. पत्नी फोन स्पीकरवर टाकते आणि पाय उचलून धरायचा व्यायाम करत ऐकते. पहिले दोन रविवार मी नुसतं "हो ना", "अगदी बरोबर" म्हणत निभावलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी एका कादंबरीचं नाव घेऊन सरळ विचारलं, "का हो, ती धाकटी बहीण शेवटी घरी परत काहून नाही आली? तुम्हाला काय वाटते?"

मी घसा साफ केला. "त्या काळच्या कुटुंबसंस्थेचा विचार केला तर…" एवढं बोललो आणि पत्नीकडे पाहिलं. तिने पाय हवेतच धरला होता.

"वहिनी," मी म्हणालो, "मी ते वाचलेलं नाही."

 मग त्या म्हणाल्या, "मग पहिलंच सांगायचं ना. ऐका." आणि त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. चाळीस मिनिटं सांगत होत्या. बहिणी तीन होत्या, बाप गिरणीत होता, मधलीचा संसार मोडला होता. मी पलंगाशेजारी स्टुलावर बसून ऐकत होतो. चहा करायला उठावंसंही वाटलं नाही. पत्नीला मधेच औषधाची गुंगी येऊन झोप लागली.

संध्याकाळी जागी झाल्यावर तिने पहिलं विचारलं, "त्या धाकटीचं काय झालं हो?"

मी तिला सांगितलं. दहा मिनिटं लागली. मधल्या बहिणीचा नवरा सांगायचा राहून गेला, तो तिनेच विचारल्यावर आठवला.